बास्करव्हिलचें अक्षर

पुस्तक वाचतांना अक्षराकडे सहसा कोणी पाहत नाहीं. डोळे ओळीवरून पुढें सरकत असतात, मन अर्थाच्या मागें गेलेलें असतें, आणि ज्या आकृतींच्या आधारानें हा सारा प्रवास चाललेला असतो, त्या आकृतींची आठवणही मागें उरत नाहीं. पुस्तक मिटल्यावर त्यांतील कथा सांगतां येते, विचार सांगतां येतात. पण त्या पुस्तकांत 'जी' हें अक्षर कसें होतें, असें कोणी विचारल्यास चांगल्या वाचकालाही उत्तर सांपडणार नाहीं. अक्षर वाईट असलें, म्हणजे मात्र त्याची जाणीव तत्काळ होते. डोळे शिणतात, ओळ चुकते, आणि पान अर्ध्यावरच सोडून द्यावेंसें वाटतें. चांगल्या अक्षराचा गुण असा अदृश्य असतो. या अदृश्य गुणासाठीं अठराव्या शतकांत इंग्लंडमधील एका सधन कारखानदारानें आपल्या आयुष्याचीं शेवटचीं पंचवीस वर्षें वेंचलीं. त्याचें नांव जॉन बास्करव्हिल. त्याच्याच नांवानें ओळखलें जाणारें अक्षराचें वळण आज अडीचशें वर्षांनंतरही जगभर छापलें आणि वाचलें जात आहे.

बास्करव्हिलचा जन्म १७०६-०७ च्या सुमारास वूस्टरशर परगण्यांतील वुल्व्हर्ली या गांवीं झाला. तरुणपणीं तो बर्मिंगहॅम येथें आला आणि मुलांना सुलेखन शिकवूं लागला. त्याबरोबरच थडग्यांवरील दगडांत अक्षरें कोरण्याचेंही काम तो करी. या कामाची जाहिरात म्हणून त्यानें कोरलेली एक लहानशी दगडी पाटी बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयांत अद्याप जपून ठेवलेली आहे. आपणांस किती तऱ्हांचीं वळणें अवगत आहेत, हें गिऱ्हाइकाला एका दृष्टिक्षेपांत कळावें, म्हणून तिच्यावर निरनिराळ्या वळणांचीं अक्षरें काढलेलीं आहेत. पुढें १७४० च्या आसपास त्यानें हा धंदा सोडून जपानी पद्धतीच्या रोगणाचीं तबकें, पेट्या वगैरे वस्तु बनविण्याचा कारखाना काढला. त्यांत त्याला अमाप पैसा मिळाला. शहराबाहेर मोठें घर झालें, गाडीघोडे झाले. सर्वसामान्य मनुष्य एवढ्यावर तृप्त होऊन स्वस्थ बसला असता. परंतु वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षाच्या सुमारास बास्करव्हिल पुन्हां आपल्या पहिल्या प्रेमाकडे, अक्षराकडे, वळला. फरक इतकाच कीं, आतां तें अक्षर त्याला दगडावर नव्हे, तर कागदावर उमटवावयाचें होतें.

त्यानें नेमकें काय केलें, हें समजण्यासाठीं रोमन अक्षराची घडण थोडी पाहिली पाहिजे. इंग्रजी पुस्तकांतील 'आय' किंवा 'एल' या अक्षराचा उभा दंड पाहिला, तर त्याच्या माथ्याशीं आणि तळाशीं एक बारीक आडवी रेघ दिसते. खांबाला जशी खालीं बैठक असते, तशी ती असते. हिला सेरिफ म्हणतात. ही रूढि फार जुनी आहे. रोम शहरांत इ. स. ११३ मध्यें उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावरील शिलालेखांत हे पाय अत्यंत डौलदार दिसतात. छापील पानावर त्यांचा उपयोग असा कीं, ते अक्षराला टेकू देतात, त्याची सीमा स्पष्ट करतात आणि शेजारच्या अक्षराशीं त्याचें नातें जोडून ओळ एकसंध राखतात. देवनागरींत जें काम शिरोरेषा ठळकपणें करते, त्याचा थोडासा अंश हे पाय रोमन लिपींत हळूच करीत असतात, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरी गोष्ट रेघेच्या जाडीची. ज्यांनीं बोरूनें कित्ता गिरविला आहे, त्यांना ती सांगावी लागणार नाहीं. बोरूचें टोंक तिरपें कापलेलें असल्यामुळें एका दिशेनें ओढलेली रेघ जाड येते, तर दुसऱ्या दिशेनें ओढलेली बारीक येते. रोमन लिपीचे जुने लेखक पिसाची रुंद टोंकाची लेखणी तिरपी धरीत. त्यामुळें त्यांचें वाटोळें 'ओ' किंचित् डावीकडे कललेलें दिसे. छपाईची कला पंधराव्या शतकांत युरोपांत रूढ झाली, तेव्हां खिळे पाडणाऱ्यांनीं हस्तलिखितांचेंच अनुकरण केलें, आणि तो कलही छापील अक्षरांत उतरला. बास्करव्हिलच्या वेळीं इंग्लंडांत विल्यम कॅस्लन याच्या खिळ्यांचें राज्य होतें. १७३४ सालीं त्याचें नमुनापत्रक प्रसिद्ध झालें आणि देशांतील बहुतेक छापखाने त्याचे खिळे वापरूं लागले. १७७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रथम छापला गेला, तोही कॅस्लनच्याच खिळ्यांत. हें वळण भरदार, घरगुती आणि थोडें ओबडधोबड होतें. १७५८ सालीं छापलेल्या मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या काव्याच्या प्रस्तावनेंत बास्करव्हिलनें कॅस्लनचा मोठ्या आदरानें गौरव केला आहे. पण अक्षराच्या सौंदर्याविषयीं आपल्या मनांत याहून अधिक रेखीव कल्पना होत्या, हेंही तेथें त्यानें आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे.

ही रेखीवता कशांत होती? पहिली गोष्ट अशी कीं, त्यानें अक्षराचा कल जवळजवळ काढून टाकला. त्याचें 'ओ' सरळ उभें राहतें. जाडी डाव्या-उजव्या बाजूंना, आणि बारीकपणा माथ्याला व तळाला. दुसरी गोष्ट, जाड व बारीक रेघांमधील अंतर त्यानें वाढविलें. बारीक रेघा अधिक बारीक केल्या. अक्षराचे पाय अधिक सपाट आणि टोंकदार केले. मात्र दंड आणि पाय यांच्या सांध्यावरील मऊ गोलाई कायम ठेवली. तिसरी गोष्ट, अक्षरांना त्यानें ऐसपैस रुंदी दिली. 'ओ', 'सी', 'डी' हीं अक्षरें मोकळा श्वास घेत असल्यासारखीं दिसतात. तिन्ही गोष्टींच्या मागें सुलेखन शिकविणाऱ्याचा हात स्पष्ट दिसतो. अठराव्या शतकांतील इंग्रज पंतोजी टोंकदार लेखणीनें लिहीत. हात दाबला कीं रेघ फुगे, सैल सोडला कीं केसासारखी बारीक होई. तीच ऐट बास्करव्हिलनें शिशाच्या खिळ्यांत आणली.

हें वळण ओळखण्याच्या खुणा कोणालाही पाहतां येतील. लहान 'जी' चा खालचा फांस पूर्ण मिटलेला नसतो, त्याचें तोंड डाव्या बाजूस उघडें राहतें. कॅपिटल 'ई' ची तळची आडवी रेघ वरच्या रेघेपेक्षां स्पष्टपणें लांब असते. कॅपिटल 'जे' ओळीखालीं उतरतो. आणि कॅपिटल 'क्यू' चें शेंपूट तर लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशीं ओढल्यासारखें लांब व डौलदार असतें. तिरप्या, म्हणजे इटॅलिक, अक्षरांत त्याची पंतोजीगिरी सर्वांत अधिक खुलते.

कागदावर आकृति रेखाटणें निराळें आणि ती धातूंत उतरविणें निराळें. त्या काळीं प्रत्येक अक्षर पोलादी कांबीच्या टोंकावर उलटें व उठावदार कोरीत. मग तो ठसा कडक करून तांब्याच्या तुकड्यांत ठोकीत. त्यानें जो खोलगट सांचा तयार होई, त्यांत शिसें, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस ओतून एकेक खिळा पाडीत. मुंबईस जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यानें एकोणिसाव्या शतकांत देवनागरी खिळ्यांना जो लौकिक मिळवून दिला, तोही याच क्रमानें, ठशापासून ओतीव खिळ्यापर्यंतच्या नाजूक हातकामानें. बास्करव्हिलचे ठसे जॉन हँडी या कारागिरानें कोरले. वळणाची कल्पना धन्याची. पण केसाएवढी रेघ पोलादांत सोडण्याची करामत हँडीची. नांव मात्र एकाचेंच राहिलें. कारागिरांच्या वांट्याला बहुधा हेंच येतें.

परंतु बास्करव्हिलचें खरें मोठेपण याच्या पुढेंच आहे. आपलीं नाजूक अक्षरें त्या वेळच्या खरबरीत कागदावर, करड्या शाईनें आणि लांकडी छापयंत्राच्या ओबडधोबड दाबानें छापलीं, तर त्यांची माती होईल, हें त्यानें ओळखलें. बारीक रेघ कागदाच्या खांचेंत बुडून जाईल किंवा शाईनें फुगून जाडीच्या पंक्तीला जाऊन बसेल. म्हणून अक्षराबरोबरच त्यानें छपाईचें प्रत्येक अंग नव्यानें तपासलें. त्या काळचा कागद तारांच्या समांतर पट्ट्यांच्या चाळणीवर बनत असल्यामुळें त्यावर वळ उमटत. जेम्स व्हॉटमन या कागदवाल्यानें विणलेल्या तारेच्या जाळीवर गुळगुळीत कागद काढला, आणि बास्करव्हिलनें तो आपल्या पहिल्या पुस्तकाच्या कांहीं भागासाठीं वापरला. शाई तो स्वतः करवून घेई. चांगलें कढविलेलें जवसाचें तेल आणि निवडक बारीक काजळी यांची ती शाई गर्द, मखमली काळी उठे. छापयंत्राचे पृष्ठभाग त्यानें अगदीं सपाट करवून घेतले, आणि कागदामागें घालावयाची गादी पातळ व कठीण ठेवली, म्हणजे खिळा कागदांत रुतूं नये. छापून ओले असलेले ताव तापविलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्यें दाबून तो त्यांना तकाकी आणी, असें सांगतात.

या सगळ्याचें फळ म्हणजे १७५७ सालीं प्रसिद्ध झालेलें रोमन कवि व्हर्जिल याच्या काव्यांचें पुस्तक. त्याच्या तयारींत सुमारें सात वर्षें गेलीं. तत्कालीन पुस्तकांचीं मुखपृष्ठें फुलांच्या वेलबुट्ट्यांनीं आणि निरनिराळ्या आकारांच्या अक्षरांनीं गच्च भरलेलीं असत. बास्करव्हिलनें वेलबुट्टी जवळजवळ हद्दपार केली. मोजके शब्द, कॅपिटल अक्षरांत, अक्षराअक्षरांमध्यें अंतर सोडून छापलेले. भोंवतीं पांढरा कागद. पानाला शोभा द्यावयाची, ती केवळ अक्षर आणि मोकळी जागा यांनींच, असा त्याचा बाणा होता. आज हें इतकें अंगवळणी पडलें आहे कीं, त्यांत नवें कांहीं होतें, हेंच ध्यानांत येत नाहीं.

इंग्लंडच्या छपाईच्या धंद्यानें मात्र या नव्या पाहुण्याचें स्वागत केलें नाहीं. हा मनुष्य धंद्यांत वाढलेला नव्हता, रोगणाच्या तबकांवर श्रीमंत झालेला होता. त्यानें आपणांस शिकवावें, हें अनेकांना सहन झालें नाहीं. त्याचीं अक्षरें फार बारीक आहेत, कागद फार चकाकतो, अशीं पुस्तकें वाचून राष्ट्राची दृष्टि जाईल, अशी ओरड सुरू झाली. यासंबंधीं बेंजामिन फ्रँकलिन याच्या एका पत्रांत मोठी मौजेची हकीकत आहे. फ्रँकलिन स्वतः मुद्रक होता आणि बास्करव्हिलचा चाहता होता. १७६० च्या सुमारास त्याला एका गृहस्थानें हेंच गाऱ्हाणें सांगितलें: बास्करव्हिलचें अक्षर वाचलें कीं डोळे दुखतात. फ्रँकलिननें त्याला बास्करव्हिलचें म्हणून एक नमुनापत्रक दाखविलें आणि दोष कोठें आहे, तें दाखविण्याची विनंति केली. गृहस्थानें अक्षर न् अक्षर तपासून जाड-बारीक रेघांतील विषमता दाखविली, आणि हें पत्रक पाहतांनाही आपले डोळे दुखत आहेत, असें सांगितलें. वास्तविक तें पत्रक कॅस्लनचें होतें! फ्रँकलिननें वरचा नांवाचा भाग तेवढा फाडून टाकला होता. तो गृहस्थ आयुष्यभर कॅस्लनच्याच अक्षरांत छापलेलीं पुस्तकें वाचीत आला होता, आणि त्याचे डोळे कधीं दुखले नव्हते. डोळ्यांचें दुखणें पुष्कळदां कानांनीं ऐकलेल्या गोष्टीमुळें सुरू होतें, हें या हकीकतीवरून कळतें.

१७५८ सालीं केंब्रिज विद्यापीठानें बास्करव्हिलला आपला मुद्रक नेमलें. पण या मानाच्या अटी जाचक होत्या, आणि त्यासाठीं विद्यापीठाला पैसा त्यालाच भरावा लागे. तेथें त्यानें १७६३ सालीं मोठ्या आकाराचें बायबल छापलें. जाणते लोक त्याची गणना इंग्लंडांतील अत्यंत सुंदर छापील ग्रंथांत करतात. गंमत अशी कीं, बास्करव्हिल स्वतः धर्मावर विश्वास नसलेला मनुष्य होता. परंतु जें छापावयाचें, तें निर्दोष छापावयाचें, एवढ्या एका श्रद्धेंत तो कधीं उणा पडला नाहीं. त्या बायबलाच्या पुष्कळ प्रति विकल्या गेल्या नाहींत. हताश होऊन आपलें सारें सामान परदेशीं विकून टाकण्याचीही खटपट त्यानें केली. ती सफळ झाली नाहीं. ८ जानेवारी १७७५ रोजीं तो वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणें त्याला त्याच्याच जागेंत, धर्मसंस्काराविना पुरण्यात आलें.

त्याच्या मागें त्याची पत्नी सारा हिनें १७७९ सालीं हे खिळे विकले. घेणारा इंग्रज नव्हता. तो होता 'फिगारो' च्या नाटकांचा प्रसिद्ध फ्रेंच कर्ता बोमार्शे. व्हॉल्टेअरचे समग्र ग्रंथ छापण्याचा त्याचा संकल्प होता, आणि त्यांतील अनेकांवर फ्रान्समध्यें बंदी असल्यामुळें त्यानें ऱ्हाइन नदीपलीकडे जर्मन मुलुखांतील केल येथें छापखाना थाटला. १७८९ पर्यंत तेथून ७० खंड बाहेर पडले. ज्या अक्षरांनीं केंब्रिज येथें बायबल छापलें, त्याच वळणाच्या अक्षरांनीं धर्मसत्तेच्या कडव्या टीकाकाराचे ग्रंथ छापले. अक्षराला पक्ष नसतो. इटलींत बोडोनी आणि फ्रान्समध्यें डीदो या मुद्रकांनीं बास्करव्हिलचाच मार्ग पुढें चालविला. त्यांच्या हातीं जाड व बारीक यांतील भेद पराकोटीला गेला, आणि अक्षराचे पाय केवळ सरळ तारेसारखे उरले. म्हणून जाणते लोक बास्करव्हिलच्या वळणाला संक्रमणकालाचें वळण म्हणतात: मागें लेखणी, पुढें यंत्र, आणि मध्यें हें.

बोमार्शेनंतर हे ठसे फ्रान्समधील एका ओतशाळेंतून दुसरींत फिरत राहिले, आणि त्यांच्या कर्त्याचें नांव लोक विसरून गेले. १९१७ च्या सुमारास ब्रूस रॉजर्स हा अमेरिकन ग्रंथरचनाकार केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्याचा सल्लागार असतांना त्यानें हें वळण पुन्हां ओळखून काढलें. १९२३ सालीं इंग्लंडमधील मोनोटाइप कंपनीनें यंत्रावर जुळणी करण्यासाठीं तें नव्यानें तयार केलें, आणि मग त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. १९५३ सालीं शार्ल पेन्यो या फ्रेंच ओतशाळेच्या चालकानें मूळचे ठसे केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्याला भेट म्हणून परत दिले. ज्या देशानें नाकारलें, त्याच देशांत तीं अक्षरें पावणेदोनशें वर्षांनीं माघारीं आलीं.

आतां त्याच्या उपयोगाविषयीं. बास्करव्हिलचें वळण मुख्यतः सलग वाचावयाच्या पुस्तकांसाठीं आहे. कादंबरी, चरित्र, निबंध, काव्य हें त्याचें माहेर. विसाव्या शतकांतील पेंग्विनच्या कितीतरी पुस्तकांच्या आरंभीच्या पानावर मोनोटाइप बास्करव्हिलमध्यें जुळणी केल्याची बारीक नोंद सांपडते. मुंबई-पुण्याच्या ज्या घरांतून तीं पुस्तकें कपाटांत आहेत, तेथें ती सहज पाहतां येईल. कॅनडा सरकारच्या बोधचिन्हांत त्या देशाचें नांव याच वळणांत लिहिलेलें आहे. आजच्या संगणकांत आणि किंडलसारख्या वाचनयंत्रांतही तें उपलब्ध असतें.

मात्र प्रत्येक ठिकाणीं तें शोभेलच असें नाहीं. त्याला गुळगुळीत कागद हवा आणि ओळींमध्यें भरपूर अंतर हवें. स्वस्त, शाई पिणाऱ्या कागदावर बारीक आकारांत तें छापलें, तर केसासारख्या रेघा तुटतात. शिवाय तें जागा अधिक खातें. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यासाठीं म्हणूनच निराळें अक्षर लागतें. लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें १९३२ सालीं आपल्यासाठीं मुद्दाम जें नवें वळण घडवून घेतलें, तें आटोपशीर आणि दणकट आहे. संगणकावर आणखी एक अडचण उद्भवते. धातूचा खिळा कागदावर दाबला कीं शाई थोडी पसरते आणि रेघ किंचित् जाड होते. जुन्या कारागिरांनीं ही वाढ हिशेबांत धरूनच ठसे कोरले होते. त्या ठशांची हुबेहूब नक्कल संगणकांत केली, तर शाईची ती भर मिळत नाहीं आणि पान फिकट दिसतें. म्हणून नव्या रचनाकारांना छापलेल्या पानावरून, नुसत्या खिळ्यावरून नव्हे, अभ्यास करावा लागला. १९९६ सालीं झुझाना लिचको या रचनाकर्त्रीनें बास्करव्हिलवर आधारलेलें एक वळण तयार केलें आणि त्याला 'मिसेस ईव्ह्ज' हें नांव दिलें. सारा ईव्ह्ज हें बास्करव्हिलच्या पत्नीचें त्याच्याशीं विवाह होण्यापूर्वींचें नांव होतें. खिळ्यांच्या इतिहासांत तिची आठवण अशी उशिरां कां होईना, नोंदली गेली.

२०१२ सालीं एरल मॉरिस या चित्रपटकारानें 'न्यूयॉर्क टाइम्स' मधून एक प्रयोग केला. एकच विधान निरनिराळ्या सहा वळणांत वाचकांपुढें ठेवून तें खरें वाटतें काय, असें विचारलें. सुमारें ४५,००० लोकांनीं उत्तरें दिलीं. बास्करव्हिलमध्यें वाचणाऱ्यांचा विश्वास इतरांपेक्षां थोडा अधिक बसला. फरक अगदीं लहान होता, आणि एका प्रयोगावरून सिद्धांत बांधणें योग्य नव्हे. तरी त्यांत वाचकासाठीं एक इशारा आहे. सुबक अक्षर सत्याला साजतें, तसें असत्यालाही साजूं शकतें. फ्रँकलिनच्या त्या गृहस्थाला नांव ऐकूनच अक्षर वाईट दिसलें. उलट कोणाला अक्षर पाहूनच मजकूर खरा वाटेल. दोन्ही वेळां वाचणें राहूनच जातें.

बास्करव्हिलला स्वतःला या अक्षरापासून पैशाचा लाभ झाला नाहीं. तबकें विकून मिळविलेला पैसा त्यानें पुस्तकांत घातला, आणि व्यवहाराच्या वहींत ती बाजू तोट्याचीच राहिली. परंतु अक्षर एकटें सुंदर असून भागत नाहीं, कागद, शाई, दाब, ओळींमधील अंतर आणि समासाची मोकळीक हीं सारीं एका हेतूनें जुळावीं लागतात, आणि तो हेतु म्हणजे वाचणाऱ्याला सुख व्हावें, हा धडा त्यानें घालून दिला. आज ज्याच्या घरीं संगणक आहे, तो प्रत्येक मनुष्य लहानसा मुद्रकच झाला आहे. लग्नपत्रिका असो, संस्थेचा अहवाल असो कीं मुलाचा निबंध असो, शेंकडों वळणांतून एक निवडण्याची मुभा त्याला आहे. निवडतांना आपणांस काय मिरवावयाचें आहे, असें न विचारतां वाचणाऱ्याला काय सोयीचें होईल, एवढें विचारलें, तरी बास्करव्हिलची विद्या पुरेशी हातीं लागली असें म्हणतां येईल.